फेकोमध्ये चेंबर पुन्हा पुन्हा बसतो: बाटली वर चढवण्याआधी काय काय तपासायचं

फेको म्हणजे अल्ट्रासाउंडने मोतीबिंदूचे तुकडे करून ते पोकळ टिपमधून ओढून काढणं, आणि चेंबर म्हणजे डोळ्याच्या पुढच्या भागातली जागा, जी बाटलीतून येणाऱ्या पाण्याने फुगलेली ठेवावी लागते. तुकडा टिपला चिकटतो, व्हॅक्यूम चढल्याचा आवाज येतो, तुकडा फुटून आत ओढला जातो आणि त्याच क्षणी मागची कॅप्सूल (मोतीबिंदूमागचा पातळ पडदा) उसळून टिपच्या दिशेने वर येते. बाहुली एकदा दचकल्यासारखी आकसते. पापणी लवायच्या आत सगळं पुन्हा जागेवर. पेशंटला काही कळत नाही, यंत्र काही बोलत नाही, पण मायक्रोस्कोपमधून बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. पुढच्या तुकड्याला तेच, त्याच्या पुढच्यालाही तेच. मग ऑपरेशन थिएटरमध्ये ठरलेली आज्ञा सुटते: "बाटली वर करा."

बाटली वर केली की बहुतेक वेळा दोन मिनिटं बरं वाटतं, आणि नेमकी तीच अडचण आहे. दोष होता तिथेच राहतो, वर डोळ्यातला दाब विनाकारण वाढतो. बाटली स्टँडच्या टोकाला टेकलेली आणि चेंबर तरीही नाचतोय, असं मी अनेकदा पाहिलंय. शेवटी कारण सापडलं ते बाटलीच्या उंचीत नव्हतंच. म्हणून हा प्रश्न ज्यांना वारंवार छळतो त्यांच्यासाठी, आम्ही ज्या क्रमाने शोधतो तो क्रम इथे लिहितोय. सर्जन आणि यंत्र लावणारे टेक्निशियन, दोघांनीही वाचावा, कारण निम्मी कारणं सर्जनच्या हातात असतात आणि निम्मी टेक्निशियनच्या.

आधी पाण्याचा हिशेब

चेंबर म्हणजे साधारण पाव मिलीची जागा. फ्लो मिनिटाला ३० मिली ठेवलात तर पंप सेकंदाला अर्धा मिली पाणी ओढतो. म्हणजे आत येणारं पाणी पूर्ण अडलं आणि पंप चालूच राहिला, तर चेंबर रिकामा व्हायला जेमतेम अर्धा सेकंद लागतो. तेवढ्यात पेडलवरून पाय उचलणं कुणालाच जमत नाही. त्यामुळे चेंबर हातचलाखीने सांभाळता येत नाही, तो हिशेबाने सांभाळावा लागतो: बाटलीतून जेवढं येतं, तेवढंच टिपमधून आणि जखमांच्या (उपकरणं आत घालायला केलेल्या छेदांच्या) कडेने जायला हवं.

दाबाचंही तसंच. ड्रिप चेंबरपासून (बाटलीखालच्या, थेंब पडणाऱ्या पारदर्शक नळकांडीपासून) डोळ्यापर्यंतची उंची दर १५ सेंटिमीटरने वाढली की सुमारे ११ मिमी पारा दाब वाढतो. ९० सेंटिमीटरवर बाटली म्हणजे ६६ च्या आसपास, १०० वर ७३ ते ७४. निरोगी डोळ्याचा दाब १० ते २१ असतो हे आठवलं की आपण किती वर आहोत ते कळतं. पण हा आकडा पाणी स्थिर असतानाचा. पेडलचे तीन टप्पे असतात: पहिल्यात फक्त पाणी आत येतं, दुसऱ्यात ओढणंही सुरू होतं, तिसऱ्यात अल्ट्रासाउंडही. पेडल दुसऱ्या टप्प्यात गेलं, पाणी वाहू लागलं, की नळीतून आणि टिपवरच्या म्यानासारख्या मऊ स्लीव्हच्या अरुंद फटीतून जाताना दाब खर्च होतो आणि डोळ्यात प्रत्यक्ष दाब त्याहून कमी उरतो. किती कमी, ते नळीच्या आणि स्लीव्हच्या आतल्या जागेवर ठरतं. ती जागा किंचित चिमटली तरी प्रवाह खूप घटतो, कारण नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चौथ्या घाताने बदलतो. स्क्रीनवरचा आकडा हा डोळ्यातला दाब नव्हे, हे ज्याने मनात पक्कं केलं त्याचं शोधकाम अर्धं सोपं होतं.

पहिला प्रश्न: डोळा मऊ की कडक?

चेंबर उथळ दिसला की इतर काहीही करण्याआधी हे बघा. पेडल पहिल्या टप्प्यात, म्हणजे फक्त इरिगेशन. जखमेपासून लांब, स्क्लेरावर (डोळ्याच्या पांढऱ्या भागावर) एखाद्या बोथट उपकरणाने अलगद दाबा. डोळा मऊ लागला तर पाणी कमी पडतंय किंवा गळतंय. कडक लागला तर मागून काहीतरी ढकलतंय. या दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी आहेत. कडक डोळ्यात बाटली चढवणं म्हणजे आगीत तेल ओतणं, त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलंय. आधी मऊ डोळ्याचं बघू, कारण रोजचा त्रास त्याचाच असतो.

ड्रिप चेंबर वाचायला शिका

ज्या यंत्रांत बाटली वरून टांगलेली असते, त्यांत उत्तम प्रवाहमापक फुकट मिळालेला असतो आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. टिप डोळ्यात ठेवा, पेडल पहिल्या टप्प्यात, हात स्थिर. आता सहाय्यकाला ड्रिप चेंबरकडे बघायला सांगा. ओढणं बंद आहे, त्यामुळे थेंब पडतील ते फक्त गळतीचे.

थेंब अधूनमधून पडतायत आणि चेंबर खोल आहे, तर येणारी बाजू आणि जखमा दोन्ही ठीक. पेडल दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यात गेल्यावरच चेंबर हलत असेल तर दोष ओढण्याच्या बाजूला, म्हणजे सर्जचा (तुकडा सुटताच चेंबरमधलं पाणी एकदम ओढलं जाण्याचा). थेंबांची धारच लागली आणि चेंबर उथळ आहे, तर जखम गळतेय. आणि थेंब एकही नाही, चेंबर उथळ, डोळा मऊ, तर पाणी वाटेतच अडलंय.

एवढ्या एका निरीक्षणाने शोध तीन वाटांपैकी एकीवर येतो. ज्या यंत्रांत पाण्याची पिशवी यंत्राच्या आतच दाबली जाते तिथे थेंब दिसत नाहीत. तिथे जखमेच्या कडेला किती पाणी साचतंय ते बघून अंदाज घ्यावा लागतो.

पाणी वाटेत अडलं असेल तर

क्लॅम्प अर्धवट उघडलेला, नळी ड्रेपखाली दुमडलेली, खुर्चीच्या चाकाखाली आलेली, ड्रिप चेंबर काठोकाठ भरलेला किंवा रिकामा पडून नळीत हवा गेलेली. ही सगळी कारणं बघताक्षणी कळतात. ड्रिप चेंबर निम्मा भरलेला हवा, बस.

जे बघताक्षणी कळत नाही ते सांगतो. काही काळ आमच्याकडे एक विचित्र त्रास चालू होता. बाटली नवीन लावली की पहिली केस लोण्यासारखी व्हायची. त्याच बाटलीवर पुढची केस घेतली की शेवटच्या तुकड्यांना चेंबर उथळ होऊ लागायचा. बाटली बदलली की पुन्हा सगळं छान. आम्ही दोष देत होतो डोळ्याला: "हा खोल डोळा आहे", "ही कॅप्सूल ढिली आहे". शेवटी यंत्राजवळ उभ्या असलेल्या सिस्टरच्या लक्षात आलं की बाटलीची कूस आत गेलीय, कुणीतरी आतून हवा शोषून घेतल्यासारखी. हवा आत घेणाऱ्या व्हेंटचा फिल्टर ओला झाला होता. बाटली लावताना ती आडवी धरली गेली, पाणी फिल्टरमध्ये शिरलं, आणि ओल्या फिल्टरमधून हवा जाईना. पाणी बाहेर पडत होतं, त्याच्या जागी हवा येत नव्हती, म्हणून बाटलीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होत गेला. तो २० मिमी पारा कमी झाला की बाटली सुमारे २७ सेंटिमीटर खाली उतरवल्यासारखंच झालं. स्क्रीन मात्र तीच उंची दाखवत राहते.

तेव्हापासून आमचा नियम: कडक किंवा अर्धकडक बाटली असेल तर पाणी वाहताना आत बुडबुडे चढताना दिसले पाहिजेत. पाणी चालू आहे आणि बुडबुडे नाहीत, तर आधी व्हेंट बदला, मग सेटिंगला हात लावा. पूर्ण मऊ पिशवीला व्हेंट लागत नाही, ती आपोआप चपटी होत जाते.

वाटेत अडण्याची दुसरी जागा म्हणजे खुद्द स्लीव्ह. ती टिपवर पिळली गेली असेल, तिची दोन भोकं वरखाली झाली असतील, किंवा जखम तिच्या मानाने लहान असेल, तर जखमेचे ओठच तिला चिमटतात. टिप हवेत धरून पेडल दाबलं तर दोन्ही बाजूंनी छान धार येते आणि डोळ्यात शिरली की प्रवाह मरतो, हे त्याचं लक्षण. यात आणखी एक धोका आहे: गार करणारं पाणी कमी पडलं की जखमेला चटका बसतो. शिवाय स्लीव्हची भोकं आडवी, आयरिसच्या (बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याच्या) पातळीत ठेवा. ती कॉर्नियाकडे किंवा कॅप्सूलकडे तोंड करून असली की धार नको तिथे आदळते.

जखम गळत असेल तर

थेंबांची धार चालू असताना डाव्या हातातलं उपकरण साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या जखमेतून) बाहेर काढा. थेंब मंदावले तर गळती तिथली. साइड पोर्ट उपकरणाच्या मानाने मोठं झालंय. मंदावले नाहीत तर मुख्य जखम बघा. २.२ मिमीची स्लीव्ह २.८ च्या जखमेत घातली तर कडेने पाणी जाणारच. मधेच सामान बदलताना हा घोळ नेहमी होतो: ब्लेड एका मापाचं, स्लीव्ह दुसऱ्या मापाची.

पण माप बरोबर असूनही गळती होते, आणि तिचं कारण हात असतो. हँडपीस (टिप बसवलेला हातातला दांडा) जखमेत वल्ह्यासारखा फिरायला हवा, जखम हा त्याचा खुंटा. शिकाऊ सर्जन टिप खोल नेण्यासाठी मनगट उचलतो, त्याबरोबर जखमेचा वरचा ओठ उचलला जातो आणि पाणी फवाऱ्यासारखं बाहेर येतं. शिकवताना मी बोलत नाही, फक्त त्याच्या मनगटाखाली बोट ठेवून ते किंचित खाली आणतो. गळती थांबते, चेंबर भरतो, त्याला स्वतःलाच कळतं. हा दोष कुठल्याही यंत्राने भरून निघत नाही. ज्या जखमेतून गळतच राहतं ती जखम सोडून, टाका घालून, दुसरीकडे नवी घेणं हा कमीपणा नाही.

टेबलाची उंची

ही इतकी साधी गोष्ट आहे की कुणी तपासतच नाही. बाटलीची उंची डोळ्यापासून मोजलेली असते. यंत्राला डोळ्याची पातळी एकदा सांगितली आणि नंतर सर्जनच्या सोयीसाठी टेबल १५ सेंटिमीटर वर घेतलं, तर दाब ११ मिमी पाऱ्याने घटला. खाली घेतलं तर तेवढाच वाढला. एकाच टेबलावर दोन वेगळ्या उंचीचे सर्जन आळीपाळीने काम करतात आणि एकालाच त्रास होतो, तिथे मी सगळ्यात आधी हेच विचारतो. पिशवी दाबून ठरवलेला दाब राखणारी नवी यंत्रंही यातून सुटत नाहीत. सेन्सर कॅसेटजवळ (यंत्रात बसवायच्या नळ्यांच्या डब्याजवळ) असेल तर डोळा कुठल्या पातळीला आहे हे यंत्राला आपणच सांगावं लागतं, आणि चुकीचं सांगितलं तर ते चुकीचाच दाब इमानेइतबारे राखत बसतं. सेन्सर हँडपीसमध्येच असलेल्या यंत्रांत ही चूक कमी होते. टेबल हललं की पातळी पुन्हा भरायची, अशी सवय लावा.

सर्ज: खरा चोर

आता येणारी बाजू ठीक, जखमा ठीक, पहिल्या टप्प्यात चेंबर खोल, आणि तुकडा सुटताना मात्र कॅप्सूल उसळते. हा सर्ज. तुकड्याने टिपचं तोंड बंद केलं की पंप पलीकडे ओढत राहतो, व्हॅक्यूम ४०० मिमी पाऱ्यापर्यंत जातो, आणि ओढणारी नळी आतून किंचित आकसते. तुकडा सुटला की ती पूर्ववत फुगते, आणि फुगायला लागणारं पाणी एका झटक्यात चेंबरमधून घेते. चेंबर पाव मिलीचा असल्याने थोडंसं पाणीही भारी पडतं.

म्हणून नळीचा लवचिकपणा हाच शत्रू. ओढणारी नळी जाड भिंतीची आणि बारीक भोकाची असते ती याचसाठी. वेळेला मिळाली म्हणून साधी सलाइनची नळी तिच्या जागी कधीही लावू नका. पुन्हा पुन्हा ऑटोक्लेव्ह करून नरम पडलेली नळी बाजूला काढा. आणि नळीत हवेचा बुडबुडा राहिला असेल तर सर्ज हमखास वाढतो, कारण पाणी दबत नाही, हवा दबते आणि फुगते. प्राइमिंग (नळ्या पाण्याने भरून हवा काढणं) घाईत उरकलं की हे होतं.

केस सुरू होण्याआधी अर्ध्या मिनिटाची एक चाचणी आम्ही कधीच चुकवत नाही. टिपवर रबरी टेस्ट चेंबर पाण्याने भरून चढवायचा, ज्या सेटिंगने काम करणार तीच ठेवायची, पेडल दुसऱ्या टप्प्यात. हँडपीसजवळ ओढणारी नळी बोटांनी घट्ट चिमटायची. व्हॅक्यूम मर्यादेपर्यंत चढू द्यायचा. मग झटकन सोडायची. टेस्ट चेंबरला बारीकशी खळी पडून भरून आली तर ठीक. तो पार पिचकला तर ते सेटिंग आणि ती नळी डोळ्यात न्यायची नाही. डोळ्यात जे होणार ते रबरावर आधीच दिसतं, मग डोळ्यात कशाला बघायचं?

पिचकला तर काय बदलायचं? आधी हवा काढा, मग नळी बदला. त्यानंतर व्हॅक्यूमची मर्यादा खाली आणा, ४०० वरून ३०० वगैरे. पेरिस्टाल्टिक पंप (रुळांनी नळी दाबत पाणी ओढणारा) असेल तर फ्लोही कमी करा, ३५ चा २५. व्हॅक्यूम चढायला वेळ लागेल, पण तुकडा सुटल्यावर पंप पाणीही हळू ओढेल. व्हेंचुरी पंपात फ्लो वेगळा ठरवता येत नाही, तो व्हॅक्यूमवरच चालतो, म्हणून तिथे व्हॅक्यूम कमी करणं हाच मार्ग. बारीक दांड्याची टिप सर्जला आवर घालते. दांड्याला ०.१७५ मिमीचं छोटं भोक असलेल्या टिपही मिळतात. तोंड बंद असतानाही त्या भोकातून थोडं पाणी वाहत राहतं, त्यामुळे व्हॅक्यूम एकदम सुटत नाही. या सगळ्यानंतरही गरज वाटली तर बाटली थोडी वर. तिचा उपयोग नाही असं मी म्हणत नाही, तिचा नंबर शेवटचा आहे.

आणि शेवटच्या तुकड्याला व्हॅक्यूम खाली आणाच. तोवर बाकीच्या तुकड्यांनी कॅप्सूलला मागे धरून ठेवलेलं असतं. शेवटच्याला तिच्या आणि टिपच्या मध्ये काहीच उरत नाही. फाटते ती बहुधा तिथेच.

उलटा प्रकार: पाणी बाहेरच जात नाही

सुरुवातीला चेंबर घट्ट व्हिस्कोने (चेंबर फुगवून ठेवणाऱ्या जेलने) भरलेला असतो. तसंच थेट अल्ट्रासाउंड दिलं तर व्हिस्को टिपमध्ये अडकतं, पाणी बाहेर जात नाही म्हणून आतही येत नाही, आणि टिप तापते. टिपभोवती दुधाळ ढग दिसला की त्याच क्षणी तिसऱ्या टप्प्यातून पाय उचला. आधी फक्त ओढून थोडं व्हिस्को काढायचं, प्रवाह सुरू झालाय याची खात्री करायची, मग पॉवर.

चेंबर अचानक फार खोल गेला तर

खूप मायनस नंबरचे किंवा आधी व्हिट्रेक्टॉमी झालेले (डोळ्याच्या मागच्या भागातलं व्हिट्रियस हे जेल काढलेले) डोळे. पेडल दाबताच चेंबर विहिरीसारखा खोल जातो, बाहुली ताणून मोठी होते, आयरिस मागे वाकते आणि पेशंट दुखतंय म्हणतो. आयरिस कॅप्सूलला सगळीकडून चिकटून झडप बंद झालेली असते. दुसऱ्या उपकरणाने आयरिसची कड कॅप्सूलपासून किंचित उचला, पाणी मागे शिरतं आणि पातळी लगेच सावरते. अशा डोळ्यांत सुरुवातच खालच्या बाटलीने करा.

आणि डोळा कडक असेल तर

चेंबर उथळ, डोळा दगडासारखा. पेशंट श्वास रोखून धरतोय का, खोकतोय का, पापण्या आवळतोय का, पापण्या उघड्या धरणारा स्पेक्युलम डोळ्यावर दाबतोय का, हे आधी बघा. त्याच्याशी शांतपणे बोला, श्वास सोडायला सांगा, डोक्याकडची बाजू थोडी उंच करा. कित्येकदा एवढ्यानेच भागतं. झोन्यूल (लेन्सला धरून ठेवणारे धागे) कमकुवत असतील तर पाणी त्यांच्यामधून मागे व्हिट्रियसकडे शिरलेलं असू शकतं, आणि चढवलेली बाटली ते आणखी मागे ढकलते. इथे बाटली खाली आणायची, थांबायचं, व्हिस्कोने चेंबर भरायचा.

पण कडकपणा वाढतच जातोय, पेशंटला जोराची कळ आलीय, आणि लाल रिफ्लेक्सवर (बाहुलीतून दिसणाऱ्या लाल उजेडावर) एका बाजूने काळी सावली चढतेय, तर कोरॉइडच्या (डोळ्याच्या आतल्या रक्तवाहिन्यांच्या थराच्या) मागे रक्तस्राव होतोय असं समजा. त्या क्षणी मोतीबिंदू विसरायचा. जखम ताबडतोब बंद करायची, टाका घालायचा, बाकीचं नंतर.

बाहेर येताना

दिवसभर चेंबर सांभाळून शेवटी तो बसवला जातो तो इथेच. तुकडे संपले की समाधानाने पाय पेडलवरून निघतो आणि टिप अजून आतच असते. इरिगेशन बंद, चेंबर सपाट, कॅप्सूल टिपवर. पाय पहिल्या टप्प्यातच ठेवायचा, डाव्या हाताने साइड पोर्टमधून व्हिस्को सोडायचं, कॅप्सूल मागे गेलेली डोळ्यांनी बघायची, मग टिप काढायची आणि ती पूर्ण बाहेर आल्यावरच पाय उचलायचा. आमच्याकडे सहाय्यक त्या क्षणी व्हिस्कोची सिरिंज न मागता हातात देतो.